रेडिएटरच्या दोन्ही नळ्या एकाच पाईपात? (मे महिन्यात हीटिंगचा प्रश्न, हसून घ्या आधी)

ठिपकेवाला · मंगळवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बाहेर ४४ आहे, कूलरच्या ताट्या बदलायच्या राहिल्यात, आणि मी इथं विचारतोय की इमारत गरम कशी ठेवतात. पण अडलोय खरंच.

आधी काम सांगतो म्हणजे घोळ कळेल. आयटी पार्कजवळच्या एका ऑफिसात आम्ही परदेशातल्या जुन्या इमारतींची थ्रीडी मॉडेलं करतो. तिकडे कोणीतरी लेझर स्कॅनर फिरवतं, कोट्यवधी ठिपक्यांचा ढग इकडे येतो, आणि त्यावरून आम्ही भिंती, खिडक्या, पाईप रेव्हिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, म्हणून पाईप माझ्या गळ्यात.

सध्या हातात आहे ते इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातलं सार्वजनिक वाचनालय. शंभरी ओलांडलेलं. खाली तळघर, वर लांबलचक वाचनाचं दालन. दालनाला एका बाजूनं सात खिडक्या, सगळ्या एका मापाच्या, आणि प्रत्येकीखाली बिडाचा फासळ्यांचा रेडिएटर. आता मी आयुष्यात रेडिएटर पाहिला तो बाबांच्या जुन्या जीपचा, आणि त्याचं काम पाणी गार करणं. नागपुरात थंडीचा कहर म्हणजे २९ डिसेंबर २०१८, पारा ३.५ वर उतरला होता. तेव्हाही आम्ही अंगणात शेकोटी केली, दोन दुलया घेतल्या आणि झोपलो.

तर झालं काय, प्रत्येक रेडिएटरला दोन नळ्या आहेत. एक या टोकाला वरच्या कोपऱ्यात, एक त्या टोकाला खालच्या कोपऱ्यात. दोन्ही फरशीतून तळघरात उतरतात आणि दोन्ही एकाच पाईपाला जाऊन मिळतात. चार इंची पाईप, बाहेरून ११४ मिमी. एक नळी त्याच्या डोक्यावरून निघते, दुसरी जरा पुढे जाऊन कुशीत शिरते. मला वाटलं परतीचा पाईप स्कॅनच्या सावलीत गेला असणार. म्हणून मी मनानं दुसरा पाईप काढला. तेवीस मीटर.

शिवाय तो पाईप तिरका आहे. एका टोकाला तळघराच्या छतापासून ११० मिमी खाली, दुसऱ्या टोकाला ३०१. शंभर वर्षांत लोंबला असेल असं समजून मी तो सरळ केला. प्रत्येक रेडिएटरच्या मागे भिंतीत वीतभर भोक दिसत होतं, तेही बुजवलं. कोणीतरी प्लग काढून नेला असेल, म्हटलं.

काल तिकडच्या तपासनिसाचा शेरा आला: हा दुसरा पाईप स्कॅनमध्ये कुठे आहे, आणि उतार कोणी काढला? टीम लीडनं तो शेरा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. शुक्रवारी मॉडेल परत द्यायचंय.

अजून एक. फासळ्या मोजल्या तर ९, ९, १०, ११, १२, १३, १५. खिडक्या सारख्या, भिंत सारखी, मग रेडिएटर वाढत का गेले? भंगारातून मिळतील तसे बसवले की काय?

बंबवाले काका · बुधवार, पहाटे ५.१०

पोरा, भंगारातून नाही. ज्यानं बसवले तो तुझ्या टीम लीडपेक्षा हुशार होता.

मी एकतीस वर्षं मिलमध्ये बॉयलर अटेंडंट होतो. आमचं काम वाफेचं, तुझं हे गरम पाण्याचं, पण उताराचं शास्त्र सारखंच. आधी तू घरातला बंब आठव. तांब्याचा, मधून विस्तवाची नळी. आजीच्या घरी असंनच. गार पाणी वरून ओतलं तरी ते नळीनं बुडाशी जाते, न तोटीतून कढत पाणी बाहेर येते. काहून? गरम पाणी हलकं, ते वर. गार जड, ते खाली. झालं तुझं वाचनालय. तळघराच्या खड्ड्यात बॉयलर म्हणजे बंब, न रेडिएटर म्हणजे लांब केलेली तोटी. पंप नाही, मोटर नाही. पाणी आपल्या पायानं फिरते.

आता एकच पाईप काहून, ते पाह्य. त्या चार इंची पाईपात गरम पाणी अंग वर करून चालते, गार पाणी पोटाशी. म्हून रेडिएटरची नळी डोक्यावरून काढली, तिले गरम मिळते. रेडिएटरात ते पाणी निवते, जड होते, दुसऱ्या नळीनं उतरून त्याच पाईपाच्या कुशीत शिरते. दुसरा पाईप कधी नव्हताच. तू जो काढला तो पुसून टाक, तेवीस मीटर लोखंड वाचलं.

पण पहिल्यानं निवलेलं पाणी दुसऱ्याच्या वाट्याला मिसळून येते, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. सातव्यापाशी पाणी कोमट. तितकीच ऊब द्यायची तं अंग मोठं पाहिजे. म्हून ९ पासून १५. पंगतीत शेवटी बसणाऱ्याले वरण पातळ मिळते न, तं त्याले वाटी मोठी दिली.

उताराचं आता. तू आकडे दिले म्हून मी सकाळी चहा होईतो पाटीवर हिशोब केला. ३०१ उणे ११० म्हणजे १९१ मिमी, साडेसात इंच. तेवीस मीटर म्हणजे साडेपंचाहत्तर फूट. दहा फुटाले एक इंच! जुन्या फिटरचा हाच नियम. लोंबलेला पाईप मधे पोट काढते, असा एका रेषेत नाही उतरत. उतार दोन कामाचा. पाणी तापलं की त्यातली हवा सुटते, ती वर सरकून बाहेर निघाली पाहिजे. कुठं टेंगूळ राहिलं तं हवा तिथंच बसते न पाणी अडते. न कधी सगळं पाणी सोडायचं तं शेवटच्या थेंबापर्यंत बॉयलरकडे आलं पाहिजे. राहिलेलं पाणी तिकडच्या हिवाळ्यात गोठते, न बीड फुटते.

हवेचं खोटं वाटत असंन तं माझ्या छतावर ये. मानेवाड्याच्या घरी सोलर बसवला, तोही असाच, बिनपंपाचा. खाली काचेची पेटी, वर टाकी. प्लंबरनं गरम पाण्याची नळी कठड्यावरून उचलून पुन्हा खाली घेतली, दिसायले बरी म्हणे. पेटी चटके देऊन राहिली न टाकीत पाणी गार. तीन दिवस माणूस काच पुसून राहिला. मी नळी कापली, सरळ चढती केली, संध्याकाळी हात पोळला.

तुले एक विचारतो. ११० वाल्या टोकाला, म्हणजे सगळ्यात उंच जागी, एखादी बारीक नळी वर छताकडे गेली का? न पाईप ज्या कड्यांत टांगला त्यात रीळ, म्हणजे पाईप सरकायले गोल चाक, दिसते का?

ठिपकेवाला · बुधवार, दुपारी १.१५

काका, दंडवत. दोन्ही आहे!! इंची नळी पोटमाळ्याकडे गेलीय, मी ती पिण्याच्या पाण्याची म्हणून निळ्या रंगात टाकली होती. आणि कड्यांत गोल गोल काहीतरी होतं, ते मी स्कॅनचा कचरा समजून साफ केलं.

बंबवाले काका · बुधवार, दुपारी २.०५

ते रीळ परत लाव. लोखंड तापलं की लांब होते. तेवीस मीटर पाईप साठ अंशानं तापला तं सोळा-सतरा मिमी वाढते. रीळ नसंन तं पाईप कडीत अडकते, मग सुटते, न वाचनालयात ठक्क. वाचणारे दचकतात.

ठकठक म्हटली की मले मिलमधली एक रात्र आठवते. नवीन पोरानं थंड पाईपात वाफ एकदम सोडली. आत साचलेलं पाणी होतं, ते वाफेनं गोळ्यासारखं पुढे फेकलं. कोपऱ्यावरचा बिडाचा वॉल्व्ह फुटला, आवाज दोन खात्यांपलीकडे गेला. ड्रेन आधी उघडायचा न मग वाफ हळूहळू, एवढंच त्याले कोणी शिकवलं नव्हतं. कोणाले लागलं नाही, पण माझ्या हातातला चहाचा ग्लास गेला. तुझ्या पाण्याच्या पद्धतीत ही भीती नाही. म्हून वाचनालयाले, शाळेले ते बरं.

धंतोलीकर · बुधवार, रात्री ९.३०

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त आकडे जोडतो. मी एचव्हीएसी, म्हणजे इमारती थंड-गरम ठेवण्याच्या डिझाइनमध्ये आहे, आपल्याकडे नव्वद टक्के आयुष्य थंड करण्यात जातं, म्हणून हा धागा वाचून मजा आली.

पाणी आपल्या पायानं फिरतं खरं, पण ते पाय किती अशक्त आहेत पाहा. ८० अंशाला पाण्याची घनता ९७१.८ किलो प्रति घनमीटर, ६० ला ९८३.२. फरक ११.४. बॉयलर आणि रेडिएटर यांच्या मध्यांत उभं अंतर ४ मीटर धरलं तर फिरवणारा दाब झाला जेमतेम ४५ मिलिमीटर पाण्याचा. चार बोटंही नाही म्हणा. कूलरमधला तो एवढासा पंपसुद्धा पाणी मीटरभर चढवतो. एवढ्या कमी दाबात घर्षण परवडत नाही, म्हणून पाईप चार इंची. तू तो बारीक दाखवलास किंवा मध्ये दोन काटकोनी एल्बो घातलेस तर कागदावर का होईना, वाचनालय थंड पडलं.

आता एक शंका. इतक्या वर्षांत त्यांनी नवा गॅस बॉयलर आणि पंप लावला असेल. तळघरात बघ. एकपाइपी पद्धतीला नुसता पंप लावला की वेगळीच पंचाईत होते: पाणी मोठ्या पाईपातून सरळ सुसाट जातं, रेडिएटरच्या नळीकडे वळून बघत नाही. दोन्ही तोंडं एकाच पाईपावर, त्यांच्यात दाबाचा फरकच नाही, मग वळेल कशाला? तिथं आतून पाणी वळवणारी खास टी (तीन तोंडांचा जोड) लागते. मॉडेलमध्ये साधी टी आणि खास टी यांत फरक दाखवायलाच हवा.

आणि हे मॉडेल ते कशासाठी करून घेतायत? हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर आत खेचणारं यंत्र) बसवायचा असेल तर खरा प्रश्न फासळ्यांचाच आहे. रेडिएटरची उष्णता तापमानफरकाच्या १.३ घाताच्या पटीत बदलते. आज पाणी सरासरी ७० आणि खोली २० असेल तर फरक ५०. हीट पंपानं पाणी सरासरी ५० केलं तर फरक ३०. तेवढ्यानं उष्णता निम्म्यावर येते, नेमकी ५१-५२ टक्के. त्यामुळे तुझी फासळ्यांची मोजदाद एक जरी चुकली तरी कोणीतरी तिकडे चुकीचा पंप विकत घेईल. पुन्हा मोज. पडद्याआड, कपाटाआड लपलेली शेवटची फासळी हमखास सुटते.

ऊनपाऊस · बुधवार, रात्री १०.५०

आमच्या घरी रेडिएटर फुकटात आहे. गच्चीची स्लॅब. रात्री दोनपर्यंत चालू असतो, बंद करायची चावी कोणाकडे असेल तर सांगा.

चुनासुर्खी · गुरुवार, सकाळी ८.२०

ठिपकेवाला, भिंतीतली भोकं उघड आधी!

मी संवर्धनाचं काम करते, सिव्हिल लाइन्समधल्या दगडी इमारतींवर बरीच वर्षं काढली. आपल्याकडे सवय काय, उंच छत, वर झरोके, गरम हवा वरून जाऊ द्यायची. दाराला वाळ्याचे पडदे. तिकडच्या सार्वजनिक इमारतींचा पेच उलटा: गॅसचे दिवे, ओल्या कोटातली माणसं, खिडक्या बंद, कोंदट हवा. मग बाहेरून भिंतीत जाळी ठेवायची, आतल्या भोकापुढे रेडिएटर. बाहेरची थंड हवा आत येतानाच फासळ्यांमधून तापून येते. तुझं वीतभर भोक म्हणजे तेच. बाहेरच्या भिंतीच्या स्कॅनमध्ये त्याच रेषेत बिडाची जाळी सापडेल. काही ठिकाणी आत उघडझाप करायची झडप असते, ती असेल तर वेगळी दाखव.

दुसरं, मला जास्त काळजीचं. तू म्हणतोस पाईप ११४ मिमी. सगळीकडे ११४ आहे का? बॉयलरजवळ एकदम जाड झालेला दिसला तर तो मोठा पाईप नाही, ते उष्णता राखणारं लेपण आहे. त्या काळच्या बॉयलरखोलीत अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप सर्रास असायचा. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती १९९९ मध्ये. मॉडेलमध्ये तू तो लोखंडी पाईप म्हणून दाखवलास आणि त्या भरवशावर कोणी करवत लावली, तर ती घातक धूळ त्याच्या फुप्फुसात जाईल. 'लेपण, घटक अज्ञात, तपासणीशिवाय हात लावू नये' असं सरळ लिही. रंगाचंही तसंच. बिडावर थरावर थर असतात, खालच्या थरांत शिसं असण्याची शक्यता मोठी. घासू नये.

फासळ्या एकमेकींना कशा जोडल्यात हे स्कॅनमध्ये दिसणार नाही, पण माहीत असू दे. बऱ्याच रेडिएटरांत दोन फासळ्यांमध्ये एक आखूड नळी असते, तिला एका बाजूला उजवे आटे, दुसऱ्या बाजूला उलटे. आतून लांब दांडा घालून फिरवला की दोन्ही फासळ्या एकमेकींकडे ओढल्या जातात. म्हणजे रेडिएटर सुट्या भागांचा, एक फासळी फुटली म्हणून अख्खा फेकायचं कारण नाही. सान-गाल्ली नावाच्या कारखानदारानं १८५५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गला हे असे बिडाचे तापक काढले, तेव्हापासूनची ही मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. रशियात समारा शहरात तर रेडिएटरचं स्मारक आहे, खिडकीखाली रेडिएटर आणि वर मांजर. मांजराला इमारतीतली सगळ्यात उबदार जागा आधी कळते, आपल्याकडे सगळ्यात गार फरशी कळते तशी.

काही जुन्या इमारतींत रेडिएटर नसतोच, नुसती बोटभर जाड नळीची वेटोळी असतात. ती पर्किन्स नावाच्या अभियंत्याची पद्धत, १८३१ चं पेटंट, बंद नळीत प्रचंड दाबाचं पाणी. लंडनच्या सोन (सर जॉन सोन या वास्तुविशारदाच्या) संग्रहालयात ती होती. तुझं ते नाही, तुझा पाईप चांगला जाडजूड आहे. पण पुढच्या प्रकल्पात भेटली तर 'इलेक्ट्रिकल कंड्युइट' (वायरींची नळी) म्हणून पिवळी करू नकोस.

ठिपकेवाला · शुक्रवार, रात्री १०.०५

मॉडेल गेलं. क्रमानं सांगतो.

दुसरा पाईप पुसला. उतार परत आणला, कड्यांत रीळ लावले. फासळ्या पुन्हा मोजल्या आणि धंतोलीकर दादा, तुमचं तोंड गोड करायला हवं: पाचव्या रेडिएटरला पुस्तकाचं कपाट टेकलंय, पण त्याआड लपलं होतं ते काहीच नाही, १२ च आहेत. बेरीज ७९. पण तळघरात बघायला लावलंत म्हणून बरं झालं, कारण तिथं पंप आहे, आणि टी साध्याच दिसतायत. तसं लिहून दिलं. तिकडून उत्तर आलं की शेवटचे दोन रेडिएटर कित्येक वर्षं थंडच आहेत, तिथं कोणी बसत नाही.

ताई, बॉयलरजवळचा सव्वातीन मीटर पाईप १९० मिमी होता. मी त्याला साडेसात इंची पाईप करून, मध्ये चार इंचीला जोडायला एक सुबक रिड्यूसरसुद्धा घातला होता. काढला. तुमचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत टाकलं. भोकांसमोर बाहेरच्या भिंतीत सातही जाळ्या सापडल्या, त्यातल्या दोन सिमेंटनं बुजवलेल्या. म्हणजे माझ्याआधी खरोखरच्या भिंतीत कोणीतरी माझ्यासारखाच होता.

काका, पोटमाळ्यात स्कॅनर गेला नव्हता, म्हणून त्या इंची नळीच्या टोकाचा फोटो मागितला. आज आला. लोखंडी पत्र्याची उघडी टाकी, मोजपट्टी ठेवलीय म्हणून माप कळलं, ६० बाय ४५ सेंटीमीटर. आत भिंतीवर कोणीतरी खिळ्यानं ओरखडून दोन रेघा मारल्यात, एक खाली, एक ११ सेंटीमीटर वर. खालच्या रेघेपुढे इंग्रजीत 'गार', वरच्यापुढे 'गरम'. हे कशासाठी?

बंबवाले काका · शनिवार, पहाटे ५.००

पाणी तापलं की फुगते, ते जायले जागा पाहिजे, म्हून ती टाकी. बॉयलर पेटवायच्या आधी पाणी खालच्या रेघेवर, पूर्ण तापल्यावर वरच्या. त्याहून वर गेलं तं माणसानं जास्त भरलं, खाली राहिलं तं कुठं गळून राहिलं. काटा नाही, डिजिटल नाही, खिळा न दोन रेघा.

आता गंमत पाह्य. ६० गुणिले ४५ गुणिले ११, म्हणजे २९७०० घन सेंमी, तीस लिटर धर. गार पाणी दहा अंशाचं ऐंशीवर नेलं तं शंभराले तीन लिटरच्या जरा आत फुगते. तीस लिटर फुगायले एकूण पाणी किती पाहिजे? हजार लिटर नं थोडं वर. तुझ्या मॉडेलमधून सगळ्या पाईपाचं न ७९ फासळ्यांचं पोट मोजून पाह्य, बॉयलर धरून हजाराच्या आसपास नाही आलं तं कुठंतरी एखादा पाईप अजून सुटला आहे.

ठिपकेवाला · शनिवार, सकाळी ११.३०

सॉफ्टवेअरनं ९१० दाखवलं. परत उघडतोय फाईल.